शाळा निवडताना पुढच्या बदलीचा विचार आधी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या कुटुंबांवर तुमच्या पुरवणीत लेख आला होता. घर कसं शोधायचं, सामान कसं पाठवायचं, व्हिसाचे कागद वगैरे सगळं नीट दिलं होतं, पण मुलांच्या शाळेबद्दल एकच वाक्य होतं, की इंटरनॅशनल स्कूल आता सगळीकडे असतात त्यामुळे काळजी नको. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दोनदा देश बदललाय, दोन्ही वेळा शाळा मीच शोधली आणि पहिल्या वेळी मी चुकले, त्या चुकीची किंमत माझ्या मुलीने मोजली.

तेव्हा मी काय बघितलं तर स्विमिंग पूल, लायब्ररी, घरापासून अंतर आणि माहितीपत्रकातले हसरे फोटो. पुढची बदली कधी येईल, कुठे येईल आणि तेव्हा मुलगी कितवीत असेल हा हिशेब मी केलाच नाही. ती शाळा आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाची होती, त्यातला एमवायपी नावाचा मधला टप्पा, साधारण ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी असतो तो. शिकवायची पद्धत खरंच छान होती, पण एमवायपीला सगळ्या शाळांसाठी एकच ठरलेला सिलॅबस नसतो, चौकट आयबीची आणि त्यात नक्की काय शिकवायचं हे बरंचसं शाळा ठरवते. मुलगी दहावीच्या तोंडावर आली आणि बदलीचं पत्र आलं, नवीन ठिकाणी जागा मिळाली ती आयजीसीएसईच्या शाळेत. आयजीसीएसई म्हणजे ब्रिटिश पद्धतीची दहावीसारखी परीक्षा, सहसा दोन वर्षांचा कोर्स असतो, १४ ते १६ वयातला, आणि परीक्षा शेवटी. म्हणजे ती येऊन पडली बरोबर मध्यावर, बाकीच्या मुलांचा निम्मा पोर्शन झालेला आणि हिचा त्यातला अर्धाही नाही. शाळेने सांगितलं एक वर्ष मागे बसवा. बसवली. एका वर्षाने काय बिघडतं असं सगळे म्हणाले, पण पंधरा वर्षांच्या मुलीला विचारा काय बिघडतं ते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, मुलं लहान असतील तर बोर्डाचा फार बाऊ करू नका पण मूल तेरा-चौदाच्या पुढे असेल तर आधी पुढची तीन-चार वर्षं कागदावर मांडा. अकरावी-बारावीच्या वयातला आयबी डिप्लोमा दोन वर्षांचा, तशीच ब्रिटिश पद्धतीतली ए लेव्हल सहसा दोन वर्षांची, मध्येच शाळा बदलली तर तेच विषय नवीन शाळेत असतीलच असं नाही. शक्य असेल तर कंपनीशी बोलून बदली कोर्स संपेपर्यंत पुढे ढकला, आम्हाला वाटलं होतं असं विचारायचं नसतं, पण विचारावं.

दुसरं म्हणजे ‘इंटरनॅशनल’ हा शब्द. बहुतेक ठिकाणी तो पाटीवर कोणीही लावू शकतं, त्यामुळे मान्यता कोणाची आहे ते विचारा. आयबीच्या बाबतीत शाळा ‘कॅंडिडेट’ आहे की ‘ऑथराइज्ड’ हे बघाच, कॅंडिडेट म्हणजे मान्यतेची प्रक्रिया चालू आहे, ती मिळेलच याची खात्री नाही. आणि लहान मुलांच्या पीवायपीला मान्यता आहे म्हणजे डिप्लोमालाही आहे असं धरून चालू नका. आयबीच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकलं की पाच मिनिटांत कळतं.

इयत्तांचा गोंधळ तर विचारूच नका. ब्रिटिश पद्धतीतलं इयर ७ म्हणजे अमेरिकन ग्रेड ६, आणि जन्मतारखेची कट-ऑफ प्रत्येक ठिकाणी वेगळी, इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर धरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये वर्ष सुरू होतं जानेवारी अखेर-फेब्रुवारीत आणि युरोप-अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यामुळे सहा महिने मागेपुढे होतातच.

धाकट्याची गोष्ट वेगळी. तो सहा वर्षांचा होता, पहिले चार महिने वर्गात एक शब्द बोलला नाही. मी रोज टीचरना विचारायची, त्या म्हणायच्या ऐकतोय, ऐकू दे. संध्याकाळी बसमधून उतरायचा तेव्हा कपाळावर लाल वण असायचा, काचेला डोकं टेकून झोपलेला असायचा ना, सव्वा तासाचा प्रवास. मी तो रस्ता ॲडमिशनच्या आधी दुपारी बघितला होता, रिकामा, पंचवीस मिनिटांचा. सकाळी शाळेच्या वेळेला एकदा जाऊन बघायला हवं होतं. पुढे तो बोलायला लागला, भरभरून. पण गप्पा मारण्यापुरती भाषा साधारण दोनेक वर्षांत येते आणि अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात, जिम कमिन्स या भाषातज्ज्ञांनी हे कधीच मांडलंय. तेव्हा नवीन भाषेच्या मुलांना मदत कोण करतं, वर्गात बसून करतात की बाहेर काढून, आणि त्याची फी वेगळी आहे का, हे तिन्ही विचारा.

फीचं थोडक्यात सांगते. कंपनीच्या पत्रात ‘ट्यूशन फी’ लिहिलं असेल तर रजिस्ट्रेशन, डेव्हलपमेंट चार्ज, बस, परीक्षा फी हे सगळं तुमच्या खिशातून जाऊ शकतं. शाळा सोडायची नोटीस बऱ्याच ठिकाणी अख्ख्या टर्मची असते आणि बदलीचं पत्र काही तेवढं आधी येत नाही, त्यामुळे सही करायच्या आधी ते कलम वाचा.

दुसऱ्या वेळी शाळा बघायला गेलो तेव्हा मी पूल बघितलाच नाही. मागच्या वर्षी किती टीचर सोडून गेले, मधूनच आलेल्या मुलांचं काय करता, हेच विचारत बसले. शाळा दाखवायला नववीतली एक मुलगी होती, ती सहज म्हणाली की आमच्या वर्गातली सहा मुलं जूनमध्ये गेली आणि जाणाऱ्यांसाठी शेवटच्या आठवड्यात आम्ही एक अख्खा तास ठेवतो. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आधीच्या शाळेत शेवटच्या दिवशी मुलीने लायब्ररीची पुस्तकं परत केली, पावती मिळाली आणि झालं, निघाली. ती पावती अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

पुरवणीत हा विषय परत घ्यावा ही विनंती. एजंट आणि कन्सल्टंटऐवजी आठवी ते बारावीत शाळा बदललेल्या मुलांनाच लिहायला सांगा. माझी मुलगी लिहायला तयार आहे, मी तिला विचारलंय.

आपली,
एक वाचक