रेकॉर्डिंग घरी होतं, पण पुढचं काम?

संपादक महोदय,

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणं किती सोपं झालंय, हे हल्ली सारखं वाचायला मिळतं. माइक, ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप असला की झालं! रेकॉर्डिंगपुरतं ते खरंही आहे. मी मात्र गायकांचे टेक, म्हणजे एकच गाणं पुन्हा पुन्हा गाऊन केलेली रेकॉर्डिंग्ज, एडिट करून देते, आणि त्या कामाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

एका गाण्याचे पाच-सहा टेक येतात. एकात मुखडा सुंदर लागलेला असतो, दुसऱ्यात अंतऱ्याची एकच ओळ. त्यांतून सलग गाणं उभं करायचं, तर सगळी मेख जोड कुठे द्यायचा यात असते. 'क', 'त', 'प' उच्चारताना अक्षर फुटण्याआधी आवाज क्षणभर थांबतो. तिथे कापलं तर कानाला पत्ता लागत नाही. लांबवलेल्या 'आ'मध्ये किंवा मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, कापलं, की जोड उघडा पडतो. ध्वनिलहर शून्यावर नसताना तुकडा तोडला तर 'टक्' असं वाजतं, मग दोन्ही टोकं काही मिलिसेकंद एकमेकांवर चढवून क्रॉसफेड द्यायचा. गाण्यात असे जोड कितीतरी असतात, आणि प्रत्येक जोड हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. तंबोरा त्याच माइकवर आला असेल तर विचारूच नका. गळा जुळतो, पण तंबोऱ्याचं आवर्तन मध्येच तुटतं. गाताना तंबोरा हेडफोनमध्येच ऐका, असं मी प्रत्येकाला कळवळून सांगते.

पंख्याची घरघर, खुर्चीची करकर हे तर असतंच.

'सगळे श्वास काढून टाका' अशी फर्माईश नेहमी येते. मी ते काढत नाही, त्यांचा आवाज थोडा कमी करते. श्वासाशिवाय ओळ निर्जीव होते. सुराचंही तसंच. चुकलेला सूर आपोआप जवळच्या स्वरावर आणणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर 1997 साली आलं, तेव्हापासून 'सूर मशीनवर सरळ होतो' असा समज रुजलाय. पण बारा स्वरांवर बसवलेल्या त्या यंत्राला दरबारी रागातला हलकेच झुलणारा, आंदोलित गंधार बेसूर वाटतो. ते त्याला खेचून सपाट करतं, आणि राग तिथेच संपतो. कुठला सूर सरळ करायचा आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, हे गाणं कळणाऱ्या माणसानेच ठरवायला हवं. त्यामुळे या कामाला 'जरा साफसफाई' म्हटलेलं मला पटत नाही.

गायकांना माझी विनंती आहे: टेक पाठवताना कुठली ओळ कुठल्या टेकमधली हवी, हे लिहून द्या. ती निवड तुमच्या गाण्याची आहे. आणि गाणं प्रसिद्ध करताना वादकांच्या नावांखाली एडिट करणाऱ्याचंही नाव द्या. घरच्या रेकॉर्डिंगवर आपल्या पुरवणीत पुन्हा लेख येईल, तेव्हा त्यात या कामालाही जागा मिळावी.

आपली,
एक वाचक