आधी फाइल शोधा, मग स्कॅनरकडे वळा

प्रति,
संपादक,
स. न.

जुनी मराठी पुस्तके स्कॅन करून जतन करण्याच्या कामाविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. काम मोलाचे आहे, याबद्दल दुमत नाही. पण त्या लेखात १९३० सालचे पुस्तक आणि १९९८ सालचे पुस्तक एकाच रांगेत बसवले आहे, आणि तिथे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. १९३० च्या पुस्तकाची खिळ्यांची जुळणी छपाई उरकली की सोडून टाकत. मजकूर उरला तो फक्त कागदावर. १९९८ च्या पुस्तकाचे तसे नाही. त्याचा मजकूर आधी कम्प्युटरवर होता, कागदावर नंतर आला. अशा पुस्तकाची पाने स्कॅन करायची, मशीनकडून ती वाचून घ्यायची, ‘घ’चा ‘ध’ आणि ‘थ’चा ‘य’ झालेला हाताने दुरुस्त करत बसायचे, आणि तिसरे प्रूफ तपासून झालेली मूळ फाइल मात्र कुणाच्या तरी कपाटातल्या सीडीवर खराब होत पडलेली. हे थांबायला हवे.

मी अमरावतीत डीटीपी करते. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे बारीक टायपात ज्यांची नावे येतात, त्यांच्यापैकी मी एक. पॉलिटेक्निकला टर्बो पास्कल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले. आजही त्याच भाषेत, म्हणजे आता फ्री पास्कलमध्ये, जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणण्याचे काम करते. शाळांच्या शताब्दी स्मरणिका, कवितासंग्रह, दिवाळी अंक, एका वाचनालयाची ग्रंथसूची, असे बरेच काही हाताखालून गेले आहे. त्यामुळे हे होत नाही, फार खर्चिक आहे, तज्ज्ञ लागतात, असे कुणी म्हणाले की मला ते मान्य होत नाही. पास्कलमधली स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांची माळ) आणि टेक्स्ट फाइल नीट समजलेला डिप्लोमाचा विद्यार्थी हे काम करू शकतो. कसे, ते थोडे सविस्तर लिहिते, कारण अडचण नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय उपायावर विश्वास बसत नाही.

जुन्या फॉन्टमध्ये कम्प्युटरला मराठी कळतच नव्हते. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच होती, फक्त पडद्यावर त्यांचे चित्र देवनागरी दिसे. कृतिदेव या जुन्या फॉन्टचे उदाहरण घेते, कारण रेमिंग्टन टाइपरायटरवर ज्यांचा हात बसला आहे त्यांना ते लगेच उमगेल. फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी पाच अक्षरे असतात आणि कृतिदेव लावला की ‘मराठी’ दिसते. फॉन्ट काढला की उरतो निरर्थक इंग्रजी गिचमिड. सीडी उघडून हेच पाहिलेल्या अनेकांनी ‘फाइल करप्ट झाली’ म्हणून ती टाकून दिली आहे. ती करप्ट नसते. तिच्यातले प्रत्येक अक्षर जागच्या जागी असते.

मग एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर घातले की झाले, असे वाटेल. इथेच खरे काम सुरू होते. ‘स्थिती’ हा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये तो असा बसलेला असतो: एफ, कॅपिटल एल, कॅपिटल एफ, के, आर, एच. पहिला एफ म्हणजे पहिली वेलांटी, कारण टाइपरायटरवर ती आधी मारायची. कॅपिटल एल म्हणजे अर्धा स. कॅपिटल एफ म्हणजे अर्धा थ, आणि त्याला जोडलेला के हा काना, म्हणजे दोन्ही मिळून पूर्ण थ. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: स, हलन्त, थ, मग वेलांटी. म्हणून प्रोग्रॅमने पहिल्या एफपाशी थांबायचे, वेलांटी हातात धरून ठेवायची, पुढची अर्धी अक्षरे ओलांडायची आणि पहिले पूर्ण व्यंजन आले की त्याच्यानंतर ती सोडायची. शिवाय ‘कॅपिटल एफ अधिक के’ या जोडीचा थ आधी ओळखायचा आणि सुट्या के चा काना नंतर. क्रम उलटा केला तर सगळ्या थ चे तुकडे पडतात. लांब जोड्या आधी, एकेक अक्षर शेवटी, हा नियम प्रोग्रॅमभर पाळावा लागतो.

रफार याच्या उलट. ‘कर्ता’ हा शब्द डी, आर, के, कॅपिटल झेड असा असतो, म्हणजे क, त, काना आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे त च्या आधी हवेत. म्हणून रफार दिसला की मागे चालत जायचे, वाटेतला काना ओलांडायचा, व्यंजन ओलांडायचे आणि तिथे घुसवायचे. पास्कलमध्ये यासाठी कॉपी, डिलीट, इन्सर्ट आणि पॉस (तुकडा घेणे, काढणे, घुसवणे आणि जागा शोधणे) ही चार हत्यारे पुरतात.

हे सारे मूळ स्ट्रिंगमध्येच करत जाऊ नये. युटीएफ-८ ही युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवण्याची पद्धत. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, म्हणजे ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांचे, असते. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. जुन्या फॉन्टमध्येही १२७ च्या वरचे बाइट वापरलेले असतात. अर्धी ओळ बदललेली आणि अर्धी जुनी असे एका स्ट्रिंगमध्ये मिसळले की कोणता बाइट कुणाचा हे प्रोग्रॅमला सांगता येत नाही. मी एका स्ट्रिंगमधून वाचते आणि दुसऱ्या, रिकाम्या स्ट्रिंगमध्ये जोडत जाते. तसेच, जुनी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘युटीएफ-८’ म्हणून सेव्ह करणे ही लोकांची सवय फार नुकसान करते. तेवढ्याने १७० या एका बाइटचे १९४ आणि १७० असे दोन होतात आणि मजकूर आणखी गुंतून बसतो.

निक्लाउस विर्थ यांनी झुरिकला पास्कल सिद्ध केली आणि १९७० मध्ये ती प्रसिद्ध झाली, ती मुख्यतः शिकवण्याची भाषा म्हणून. मूळ पास्कलमध्ये लांबी कमीजास्त होणारी स्ट्रिंग नव्हतीच. ठरलेल्या मापाची अक्षरांची मांडणी असे, आणि वीस अक्षरांची मांडणी व तीस अक्षरांची मांडणी हे दोन वेगळे प्रकार समजले जात. त्यावर त्या काळी बरीच टीकाही झाली. स्ट्रिंग आली ती पुढच्या आवृत्त्यांत, आणि १९८३ च्या टर्बो पास्कलमुळे ती आमच्यासारख्यांपर्यंत पोचली. तिच्यात शून्याव्या जागेवर लांबी ठेवलेली असे. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही, म्हणून स्ट्रिंगही २५५ चीच. ही मर्यादा आजही लक्षात ठेवायला हवी. पेजमेकर या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या मजकुरात एंटर फक्त परिच्छेदाच्या शेवटी असतो, म्हणजे फाइलच्या दृष्टीने सबंध परिच्छेद ही एकच ओळ. ती रीड-लाइन या ओळ वाचण्याच्या आज्ञेने छोट्या स्ट्रिंगमध्ये घेतली की पहिली २५५ अक्षरे मिळतात आणि उरलेला परिच्छेद कोणतीही सूचना न देता गळून जातो. फ्री पास्कलमध्ये प्रोग्रॅमच्या माथ्यावर ‘एच प्लस’चा निर्देश दिला की स्ट्रिंग हवी तेवढी वाढते. म्हणून हे काम शिकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, की आत गेलेली अक्षरे आणि बाहेर आलेली अक्षरे मोजून पाहिल्याशिवाय फाइल ग्राहकाच्या हातात द्यायची नाही. आणि वाचायची फाइल व लिहायची फाइल यांची नावे कधीही एक ठेवायची नाहीत, कारण फाइल लिहायला उघडण्याची रीराइट ही आज्ञा दिल्याबरोबर जुनी फाइल पुसली जाते.

मोजणीचेही एक सांगायला हवे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी युटीएफ-८ मध्ये विचारली तर पास्कल बाइट मोजून १५ सांगते. युनिकोडची चिन्हे मोजली तर ५ भरतात. वाचणाऱ्याला दिसतात तीन अक्षरे. पडताळणी करताना यातले काय मोजतो आहोत हे आधी ठरवावे लागते.

मराठीची स्वतःची काही नाजूक स्थळे आहेत, आणि बाजारातले हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर नेमके तिथे फसतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक जपायचा तर रफार आणि (‘दऱ्या’तला) अर्धचंद्री र यांची वाट प्रोग्रॅममध्ये वेगळी ठेवावी लागते. दुसरे म्हणजे ‘ॲ’. याचे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी अ लिहून त्यावर चंद्र देत. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण स्ट्रिंग म्हणून ती वेगळी आहेत. ज्या ग्रंथसूचीचे काम मी केले, तिच्यात ‘ॲ’ने सुरू होणारी शीर्षके निम्मी सापडायची आणि निम्मी नाही, याचे कारण एवढेच होते. सगळीकडे एकच रूप घालायला एक ओळ पुरली.

इंग्रजी शब्द मध्ये आले असतील तर मात्र नुसती टेक्स्ट फाइल पुरत नाही. फॉन्ट गेला की खरे इंग्रजी कोणते आणि मराठीचे सोंग घेतलेले कोणते, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. म्हणून पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ करून काढावा. आरटीएफ ही आतून टेक्स्ट फाइलच असते, आणि फॉन्ट बदलला की तिथे त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. पास्कलने तो वाचायचा आणि त्याप्रमाणे त्या तुकड्याला हात लावायचा किंवा सोडून द्यायचे.

एक गोष्ट स्कॅन करणाऱ्यांच्या बाजूने सांगते. ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावर पान, काढून त्यावरून छपाईची प्लेट करायच्या काळात शेवटच्या घाईच्या दुरुस्त्या फाइलमध्ये होत नसत. नवा शब्द छापून, ब्लेडने कापून ट्रेसिंगवर चिकटवला जाई. म्हणजे छापील पुस्तकात दुरुस्ती आहे आणि फाइलमध्ये नाही, असे होते. छापील प्रत शेजारी ठेवून एकदा वाचून काढण्याला पर्याय नाही. पण ते प्रूफ वाचण्याचे काम आहे, पुन्हा टाइप करण्याचे नव्हे. इथल्या एका प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीसाठी अख्खे पुस्तक नव्याने टाइप करून घेतले. पहिल्या आवृत्तीची सीडी त्यांच्याच कार्यालयात होती. लेखिकेला त्या नव्या टायपिंगमधल्या चुकांची प्रुफे वयाच्या सत्तरीत पुन्हा तपासावी लागली, याचे मला फार वाईट वाटते.

आता मागणे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाच्या छापील प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला आणि आणखी दोन ग्रंथालयांना पोचवाव्या लागतात. आपल्याकडे साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना अनुदान देते. अशा अनुदानाच्या अटींत ‘युनिकोडमधील साधी टेक्स्ट फाइल सोबत जोडावी’ एवढे एक वाक्य घातले, तर निदान इथून पुढे तरी हा प्रश्न उभा राहणार नाही. मजकुराचा हक्क लेखकाचा वा प्रकाशकाचाच राहील. फाइल जपून ठेवणे म्हणजे ती जगजाहीर करणे नव्हे, आणि आम्ही अक्षरजुळणी करणाऱ्यांनीही ती परस्पर कुणाला देऊ नये.

मागच्या फायलींसाठी मनुष्यबळ लागेल, ते पॉलिटेक्निकमध्ये आहे. स्ट्रिंग शिकवताना विद्यार्थ्यांना आजही इंग्रजी वाक्यातले स्वर मोजायला आणि उलटसुलट सारखाच वाचता येणारा शब्द ओळखायला लावतात. त्याऐवजी प्रत्येकाला आपल्या गावच्या शाळेच्या स्मरणिकेची एक फाइल द्या. असाइन, रिसेट, रीड-लाइन, क्लोज या फाइल हाताळण्याच्या सगळ्या आज्ञा त्यात येतात, वेलांटी आणि रफार सरकवताना लूप पक्का होतो, आणि सत्र संपेपर्यंत हातात वाचता येण्याजोगे पुस्तक असते.

आणि संपादक महोदय, आपल्याही कार्यालयात नव्वदच्या दशकातल्या अंकांच्या फायली असतील. त्यांत गावोगावच्या बातम्या आहेत, ज्या दुसरीकडे कुठेच नोंदलेल्या नाहीत. त्या फायली कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, त्या फॉन्टची आवृत्ती कोणती, हे ज्यांना ठाऊक आहे ते ऑपरेटर निवृत्तीला आले आहेत. त्यांच्याकडून हे आत्ताच लिहून घ्यावे आणि फॉन्टची फाइल मजकुराच्या फोल्डरमध्येच ठेवावी. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही अक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात, आणि फॉन्टच हरवला तर कोणत्या जागी कोणते अक्षर हा तक्ता अंदाजाने बांधावा लागतो. त्याला महिने लागतात. माझा पत्ता आपल्याकडे आहे. कृतिदेवचा तक्ता आणि प्रोग्रॅम जो मागेल त्याला मी देईन.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, अमरावती