चाप पाळीला, गोळी कुंडीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत ‘कानाला चाप, हृदयाला आराम’ ही बातमी, म्हणजे कानाला विजेचा चाप लावला की कमजोर हृदयाला बरे वाटते ही, तुम्ही ‘वाचकांच्या आग्रहास्तव’ पुन्हा छापलीत. त्या आग्रही वाचकांत आमचे घर नाही, हे नम्रपणे कळवते.

महिन्यापूर्वी ती पहिल्यांदा आली, तेव्हा आमच्या ह्यांनी कात्रण काढून फ्रिजवर चिकटवले. ह्यांचे हृदय कमजोर, पंपिंग ३० टक्के. तीन वर्षे सकाळी गोळ्या, मग वजनकाटा, मग पापडावरून माझ्याशी भांडण, असा दिनक्रम. धाकट्या दिरांनी लगोलग कुठूनसे टेन्स मशिन (कातडीवरून सौम्य वीज सोडणारे) आणून दिले आणि हे रोज संध्याकाळी कानाच्या पाळीला चाप लावून टीव्हीसमोर बसू लागले. “मुंग्या येतात, म्हणजे काम करतंय.” करो बापडे! पण अंगातले जादा पाणी काढणारी लघवीची गोळी मला न सांगता बंद केली. रोज डबीतून काढायची आणि गॅलरीतल्या कुंडीत टाकायची. पाचव्या दिवशी वजन अडीच किलोने वाढलेले, पायावर बोट दाबले की खळगा, आणि रात्री तीन उशा घेऊनही आडवे होता येईना. चार दिवस इस्पितळात काढले.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी कात्रण वाचून हसू दाबले. म्हणाले, “काकू, अमेरिकेत ओक्लाहोमाला असा प्रयोग झालाय, खोटं नाही. पण ५२ पेशंटवर, रोज एक तास, तीन महिने. आणि त्यांचं पंपिंग टिकून होतं, काकांसारखं उतरलेलं नव्हतं.” शिवाय खरा चाप लावतात तो कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याला, तिथे व्हेगस नर्व्हची, म्हणजे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या नसेची, फांदी असते म्हणून. पाळीला लावतात तो तुलनेपुरता, लटका! म्हणजे आमचे हे इमानेइतबारे लटक्या गटात बसले होते. तुमच्या चित्रात चाप कुठे आहे? पाळीला. कालही पाळीलाच.

हीच नर्व्ह शरीरात यंत्र बसवून चेतवण्याचा ७०७ रुग्णांवरचा मोठा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात ना मृत्यू घटले, ना आजार बळावायचा थांबला, हेही त्याच डॉक्टरांकडून कळले. एवढे एक वाक्य बातमीत मावले नसते? खाली सांधेदुखीच्या ‘रामबाण’ तेलाची जाहिरात मात्र ऐसपैस मावली.

संशोधनावर माझा राग नाही. त्यातून पुढे काही निघाले तर मशिन मीच आणीन, चापही मीच लावीन, योग्य जागी. पण ‘चालू गोळ्या बंद करू नयेत’ ही ओळ तरी ठळक छापा. फ्रिजवरून वाचता येईल एवढी.

आणखी एक. हे सध्या घरीच पडून असतात, शब्दकोडे हाच विरंगुळा. गेले दोन रविवार तुम्ही उत्तरे छापलेली नाहीत. ‘आडवे १४’वरून घरात अजून वाद चालू आहे.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा