धरणग्रस्त साथींना आमच्या वनहक्क समितीचं पत्र

जोहार साथींनो,

तुमची स्वतःची शेतं धरणाच्या पाण्याखाली गेलेली, आणि तरी वनहक्क कायद्याखाली (जंगलजमीन कसणाऱ्याला तिच्यावर हक्क देणारा कायदा) दावे करायला आमच्या वनजमिनीची मोजणी झाली, तेव्हा तुम्ही उन्हातान्हात बांधावर उभे राहिलात. ग्रामसभेच्या वतीनं तुमचे मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही शिकवलेलं इतर पाड्यांच्याही कामी यावं.

सगळ्यात मोलाची तुमची मोजणीची रीत. जीपीएस घेऊन बांधावरून भराभर चाललं की वळणं कापली जातात, कोपरे गोल होतात. तुम्ही प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं थांबायला लावलंत. यंत्रावरचा अचूकतेचा आकडा स्थिरावला की मगच बिंदू नोंदवायचा. दाट सागाखाली तो आकडा हलतच राहतो, तिथं फीत लावायची. मध्ये नाला असेल तर दोन्ही तुकडे वेगळे मोजायचे. हा खटाटोप जास्तीचा वाटणाऱ्यांनी हिशेब करावा: एकरभर चौकोनी तुकड्याची एक बाजू ५ मीटर आत सरकली की ३ गुंठे गेले!

पुराव्यातही तुमचा डोळा तयार. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मधले एकाहून जास्त पुरावे लागतात, पण वनखात्याच्या दंडाची पावतीच आणा असा हट्ट कुणाला धरता येत नाही. जुना बांध, विहीर, पूर्वजांना पुरलेली जागा, देवाचं ठिकाण, हे सगळं चालतं. जाणत्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. जबाबात ‘फार वर्षांपासून कसतो’ असं मोघम लिहिलं की दावा अडतो, कारण ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा दाखवावा लागतो. ‘बहात्तरच्या दुष्काळात हा बांध घातला’ असं लिहिलेलं टिकतं. हे वाक्य जबाबात कसं उतरवायचं ते तुमच्या बायांनी शेजारी बसून दाखवलं. दाव्यावर नवरा-बायको दोघांची नावं हवीत, हेही त्यांनीच ठासून सांगितलं.

दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागायचं आणि कागद घेताना सहीशेजारी तारीख टाकायची, कारण अपिलाचे ६० दिवस हातातून निसटतात ते इथंच.

आता तुमच्या कामाचं. विकास प्रकल्पासाठी जमिनीचा मोबदला न देता उठवलेल्या वननिवासींची जमीन संपादनानंतर ५ वर्षांत त्या कामाला वापरली नसेल, तर याच कायद्याच्या कलम ४(८) प्रमाणे तिच्यावर हक्क सांगता येतो. पाण्याच्या वर पडून राहिलेल्या तुमच्या तुकड्यांना हे लागू होतं का, ते गटवार तपासायला हवं. संपादनाचे जुने कागद आणि मोबदल्याच्या नोंदी काढून ठेवा. आमची समिती यंत्र, फीत आणि कोरे पंचनामे घेऊन येते. तारीख तेवढी कळवा.

तुमचेच,
ग्रामसभा व वनहक्क समिती