खोली सोडण्याआधी एक कागद : नायगावच्या चाळकऱ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या (ब्रिटिश काळात सरकारी विकास खात्याने बांधलेल्या) पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. आपल्या नायगावातही काही चाळी रिकाम्या झाल्या, बाकीच्यांचा नंबर लागतोच आहे. घर मोठं होतंय याचा आनंद आम्हालाही आहे. ज्या आयांनी तीस-चाळीस वर्षं मजल्यावरच्या सामाईक मोरीत रांग लावली, त्यांना घरात स्वतःचं न्हाणीघर मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण खोली रिकामी करताना माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि टेम्पो दारात उभा असतो, तेव्हा काय ठेवायचं हे ठरवायला वेळच उरत नाही. गेल्या वर्षी आमच्या डोळ्यांदेखत एक पत्र्याची ट्रंक रद्दीत गेली. तिच्यात गणेशोत्सव मंडळाची नऊ हस्तलिखितं होती. मुखपृष्ठावर पोस्टर कलरने काढलेला गणपती, आत मुलांच्या कविता, कबड्डीच्या सामन्यांचे वृत्तांत, गोकुळाष्टमीच्या थरांचं वर्णन आणि मागच्या पानावर वर्गणीचा जमाखर्च. आम्हाला कळलं तेव्हा दुकानदाराने गठ्ठा पुढे पाठवून दिला होता. कुणाचा दोष नव्हता. आपण आधी विचारलं नाही, ही चूक आमची. ती पुन्हा होऊ नये म्हणून वाचनालयात बसणाऱ्या आम्ही काही जणांनी एक काम हाती घेतलं आहे आणि त्यासाठी तुमची मदत मागतो आहोत.

काम साधं आहे. खोली सोडण्याआधी प्रत्येक घराने एक कागद लिहायचा. एका ए-फोर कागदाची आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. कागद तीनदा दुमडला की आठ चौकोन पडतात. मग उघडून आडवा अर्धा दुमडायचा, मधल्या घडीवर बंद बाजूने एका चौकोनापुरतीच कात्री चालवायची आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. टाचणी नको, डिंक नको. तळहाताएवढं पुस्तक तयार. तो कागद पुन्हा उलगडला की एका बाजूने सपाट, म्हणजे त्याची झेरॉक्सही एकाच बाजूची. हल्लीची मुलं याला झीन म्हणतात. आपण घरगुती हस्तलिखित म्हणू.

आठ पानांत काय लिहायचं? हे आम्ही कुणाला सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत करून पाहिलं तेव्हा पहिल्याच दिवशी एक आजी म्हणाल्या, “मला लिहिता येत नाही.” त्यांच्या नातीने लिहून घेतलं. आजी गिरणी कामगारांची खानावळ चालवत. पहिल्या पाळीचे डबे किती, रातपाळीचे किती, कोणाला कांदा चालत नसे, पगाराआधीच्या आठवड्यात उधारी कशी मांडायची, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाल्यावर डबे महिन्यागणिक कसे कमी होत गेले. सहा पानं नुसती डब्यांची. सातव्या पानावर त्यांनी एवढंच सांगितलं की ज्यांची उधारी राहिली त्यांच्याकडे त्यांनी कधी मागितली नाही. आठव्या पानावर नातीने खोलीचा नकाशा काढला : स्टोव्ह इथे, पाट इथे, झोपायला कोण कुठे.

संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते हे पुस्तकांत सापडतं. नायगावच्या एका खोलीतून किती डबे जायचे बंद झाले हे त्या आजींनाच माहीत होतं, आणि आता ते कागदावर आहे.

हे आपल्या भागाला नवीन नाही. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवलं आणि गिरणी कामगारांचं गाऱ्हाणं छापलं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ पाक्षिक निघालं, त्याचं कार्यालय इथून जवळच परळला होतं, आणि त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. १९५५ च्या सुमाराला अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुण कवींनी ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून (स्टेन्सिलवरून प्रती काढून) काढलं. छापखान्याच्या दारात न जाता आपलं आपण. ती मोठी माणसं, मोठी कामं. पण आपलं म्हणणं आपणच कागदावर उतरवून शेजाऱ्याच्या हातात द्यायचं, ही सवय या वस्तीच्या अंगात आहे असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता मदतीचं. तीनशे घरांपर्यंत पोचायचं ठरवलं आहे. प्रत्येक पुस्तिकेच्या वीस प्रती काढायच्या : काही घरच्यांना, काही मजल्यावर, एक वाचनालयात. सहा हजार झेरॉक्स, दोन रुपयांप्रमाणे बारा हजार रुपये. कोरे कागद, काळी बॉलपेनं, कात्र्या, जुने कागद ठेवायला खोकी आणि मांजरपाट, यांचे आणखी पाच हजार धरले आहेत. दहा रुपयांपासून जे जमेल ते द्या. पावती मिळेल आणि हिशेब दर पंधरा दिवसांनी वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. कोणी झेरॉक्सवाले रात्री दुकान बंद करण्याआधी अर्धा तास मशीन देऊ शकत असतील, तर तेही पैशांइतकंच मोलाचं.

पैशांपेक्षा एका वस्तूची अडचण जास्त आहे. जुनी हस्तलिखितं बहुतेक फुलस्केप कागदावर आहेत आणि साध्या स्कॅनरच्या काचेवर तो कागद मावत नाही, खालचा भाग बाहेर राहतो. मोठ्या काचेचा स्कॅनर कुणाच्या ऑफिसात, स्टुडिओत पडून असेल तर दोन महिन्यांसाठी हवा आहे. जपून वापरू, जसा नेला तसा परत आणून देऊ.

आणि माणसं हवीत. ऐकून लिहून घेणारी, अक्षर सुवाच्य असणारी, दुपारी दोन तास मोकळी असणारी. कॉलेजच्या मुलामुलींनी जरूर यावं. लिहून घेताना एकच पथ्य : सांगणाऱ्याचे शब्द बदलायचे नाहीत. मालवणी आलं तर मालवणी, घाटावरचं आलं तर तसंच. कोणी “हे लिहू नको” म्हटलं तर पेन खाली ठेवायचं. खोलीच्या मालकीचे वाद, कागदपत्रांचे नंबर, दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी यात येणार नाहीत. छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवू आणि त्यांनी हो म्हटल्यावरच प्रती निघतील.

ज्यांच्याकडे जुनी हस्तलिखितं, मंडळाच्या पावत्या, गावमंडळाच्या (गावाकडच्या माणसांच्या सामाईक) खोलीच्या वह्या, नाटकाची हँडबिलं असतील त्यांनी त्या द्यायच्याच असं नाही. आम्ही स्कॅन करून तुमच्या हाती परत देऊ. तोवर एक करा : फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, त्यात कागद कायमचा अडकतो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा, सुती कापडात गुंडाळा आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते.

सगळ्या पुस्तिकांचा एक संच १८९८ पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ठेवून घ्यावा अशी विनंती आम्ही करणार आहोत. आपण वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरलो तरी नातवंडांना शोधायला एक ठिकाण राहील.

येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी दहा ते एक वाचनालयात बसू. इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर कोणी ना कोणी असतं. येताना काळं पेन आणा, निळ्याची झेरॉक्स फिकी येते. कडेने बोटभर जागा सोडून लिहा, नाहीतर मशीन कडेची अक्षरं खातं. जिना उतरणं ज्यांना जमत नाही त्यांनी शेजारच्या मुलाजवळ निरोप द्या, आम्ही वर येऊ. आणि ज्यांना सामान हलवायची तारीख मिळाली आहे त्यांनी ती आधी कळवा. माळ्यावरची पेटी खाली काढायला चार जण पाठवू, आणि तिच्यातलं सगळं आपण एकत्र बसून बघू.