वंदे भारत मिळाली, आता होटगीच्या शटलचं तेवढं बघा: रेल्वेमंत्र्यांना खुलं पत्र

मा. रेल्वेमंत्री साहेब,
रेल भवन, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

साहेब, आधी आभार मानतो म्हणजे नंतर भांडायला मोकळा. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, सिद्धेश्वर आहेच, हुतात्मा आहे, इंद्रायणी आहे. सोलापुरातून पुण्या-मुंबईला जायचं म्हटलं तर आता फार रडायचं कारण नाही, फक्त तिकीट मिळालं पाहिजे. पण सोलापुरातून बाहेर जायला एवढ्या गाड्या आणि रोज सकाळी सोलापुरात कामाला येणाऱ्या माणसाला काय, तर वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी जीप. मागच्या सीटवर चौघं, मांडीवर डबा, आणि आसरा चौक येईपर्यंत पाय बधिर.

मी होटगी स्टेशनचा. म्हणजे होटगी गावाचा नाही, होटगी स्टेशनचा, ही दोन वेगळी गावं आहेत आणि आमचं गावच मुळात रेल्वेमुळं वसलंय. सोलापूरपासून रुळानं पंधरा किलोमीटरच्या आसपास, मधे फक्त टिकेकरवाडी. एवढ्याशा अंतराला मुंबईत लोक प्रवास सुद्धा म्हणत नाहीत.

तुमच्या फायलीत आम्ही एक छोटं जंक्शन असू, पण स्टेशनचा इतिहास छोटा नाही. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीनं पुण्याकडून लाइन टाकत टाकत १८५९ ला बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी गाठलं, १८६० ला मोहोळ आणि त्याच वर्षी सोलापूर. सोलापूरच्या खाली १८६५ ला काम धरलं आणि १८७१ ला रूळ रायचूरपर्यंत जाऊन मद्रासकडून आलेल्या लाइनीला भिडले. आमचं होटगी ह्याच तुकड्यावर. मग आला १८७६-७८ चा दुष्काळ, दख्खनमधे माणसं किड्यामुंगीसारखी मेली, आणि सरकारला कळलं की धान्य एका भागात असून उपयोग नाही, ते भुकेल्या माणसापर्यंत न्यायला गाडी पाहिजे. म्हणून ज्या दुष्काळी लाइनी ठरल्या त्यातली एक होटगी ते गदग. १८८२ ला सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली ती ह्याच लाइनीसाठी आणि १८८४ ला मीटर गेजवर गाडी धावली सुद्धा. म्हणजे एका बाजूला रुंद रुळांचं ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला अरुंद रुळांचं मीटर गेज, आणि इकडचा माल तिकडं करायला मधे हमालाची पाठ.

हे सगळं उगाच नाही सांगत बसलो. ही लाइन सरकारच्या हमीवर टाकली होती, "होटगीला रोज किती तिकिटं खपतात" हे विचारून नाही. इंग्रजांनी काय आपल्या प्रेमापोटी केलं असं माझं म्हणणं नाही, त्यांचा हिशोब त्यांच्याकडं. पण आज आम्ही थांबा मागायला गेलो की पहिला प्रश्न तिकीटविक्रीचा येतो आणि गंमत अशी की वेळेवर गाडी नाही म्हणून लोक येत नाहीत, लोक येत नाहीत म्हणून तिकीट खपत नाही, तिकीट खपत नाही म्हणून गाडी नाही. फिरा गोल गोल.

आता मीटर गेज गेलं, गदग लाइन ब्रॉडगेज झाली. पण एक गेज झालं तरी घर एक झालं नाही साहेब. मुंबई-रायचूरच्या मेन लाइनीचा आमच्याकडचा तुकडा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडं आणि विजयपूर-गदगची लाइन दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडं. १९६६ ते १९७७ सोलापूर विभाग दक्षिण मध्य रेल्वेत होता, हुबळी विभागही तिथंच, म्हणजे तेवढी अकरा वर्षं आमच्या दोन्ही लाइनींचा मालक एकच होता. मग सोलापूर मध्य रेल्वेकडं परत आलं, २००३ ला हुबळीवाले नव्या झोनमधे गेले. झोन कुणाचा का असेना, आम्हाला फरक पडायला नको, पण पडतो. गदग लाइनीवरच्या इंडी, लच्याणकडून येणारी पॅसेंजर तिकडच्या टाइमटेबलनं निघते, होटगीच्या पुढं ती इकडच्या कंट्रोलची, आणि मागून सुपरफास्ट येत असेल तर पॅसेंजर लूपला म्हणजे बाजूच्या रुळावर घेऊन थांबवायची हा जगाचा नियम. दोन्ही झोनच्या लोकांनी टाइमटेबल करताना एकदा एका टेबलाला बसून होटगीपुरतं बोलावं, एवढंच.

लांबच्या पॅसेंजरवर रोजची नोकरी करता येत नाही हे त्यातून गेलेल्याला सांगावं लागत नाही. ती शंभर-दोनशे किलोमीटरवरून येते, तिकडचा सगळा उशीर गोळा करून आणते. म्हणून आमची मागणी लांबच्या गाडीची नाहीच. आम्हाला मोहोळ ते अक्कलकोट रोड एक मेमू शटल, म्हणजे विजेवर ये-जा करणारी लोकलसारखी गाडी पाहिजे, सकाळी दोन्हीकडून एक आणि संध्याकाळी दोन्हीकडून एक. थांबे काय, मोहोळ, मुंढेवाडी, पाकणी, बाळे, सोलापूर, टिकेकरवाडी, होटगी, तिलाटी, अक्कलकोट रोड. पूर्वी एकेरी रूळ होता तेव्हा क्रॉसिंगचं कारण ऐकून घेतलं, आता दुहेरीकरण झालंय, वर विजेची तार आलीय. मेमूला दोन्ही टोकाला ड्रायव्हरची केबिन असते, इंजिन काढा, फिरवा, लावा ही भानगड नाही, उठते पण पटकन, म्हणून तर थोड्या थोड्या अंतरावर थांबायला ती बरी.

बसणार कोण म्हणाल तर नकाशा उघडा. विद्यापीठ केगावला, म्हणजे पुणे रोडला, बाळे-पाकणीच्या अंगाला. चिंचोळी एमआयडीसी मोहोळच्या वाटेवर. होटगी-अक्कलकोटकडच्या पोरांना शहर ओलांडून तिकडं जायचं आणि मोहोळकडच्यांना शहरात यायचं. बाळे तर महापालिकेच्या हद्दीत आहे, मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला येणारे वर्षभर, फक्त त्यांना हेही सांगा की अक्कलकोट रोड स्टेशन आणि अक्कलकोट गाव ह्यात दहा-अकरा किलोमीटर आहेत, गाडीला लागून एसटी उभी पाहिजे. ते खातं तुमचं नाही, माहितीय, पण फोन तर लावता येतो.

आणि एक बसणारी माझ्या डोळ्यासमोरची. आमच्याकडं एक अक्का शेपू-मेथीच्या पेंढ्या घेऊन पॅसेंजरनं सोलापूरला जाते. प्लॅटफॉर्म बुटका, डब्याची पायरी गुडघ्याच्या वर. ती आधी दारातल्या पोराला कन्नडमधे दोन शिव्या देते, मग गाठोडं त्याच्याच हातात वर देते, मग दांडी धरून चढते आणि चढल्यावर मराठीत त्याच्या आईची चौकशी करते. तिला तिकीट दहा रुपये. २०२० ला गाड्या बंद झाल्या आणि नंतर सुरू झाल्या त्या "स्पेशल" नावानं, तेव्हा हेच कमीत कमी भाडं तीस रुपये झालं होतं, फेब्रुवारी २०२४ मधे परत दहावर आलं. तीस देऊन जायचं, तीस देऊन यायचं, मग पेंढी विकायची किती रुपयाला? त्या काळात कित्येक जण वडापला लागले ते लागलेच. तुमच्या आकड्यात जी घट दिसते त्यातली बरीच तिथली आहे.

बाकी सोयींचं थोडक्यात. आमच्या पट्ट्यातल्या एका स्टेशनचं, नाव घेत नाही, उगाच तिथल्या गरीब कर्मचाऱ्याला मेमो यायचा, तर तिथल्या बायकांच्या संडासाला कुलूप आणि किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही. सरकता जिना, ग्रॅनाइट, सेल्फी पॉइंट हे सगळं सोलापूरला लावा, आम्ही तिथं येऊन फोटो काढू. छोट्या स्टेशनला नळाला पाणी, कुलूप नसलेला संडास, प्लॅटफॉर्मची उंची आणि रात्री चारही दिवे चालू, बास.

शटल सुरू करताना एक करा. आमच्याकडं नवी गाडी आली की तीन महिन्यात "प्रतिसाद नाही" म्हणून बंद व्हायची भीती असते. निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, जून ते मे, वेळ न बदलता चालवा, पास काढायची सोय होटगीच्या खिडकीवर ठेवा आणि त्यानंतर तिकिटं मोजा. तेव्हाही डबे रिकामे दिसले तर खुशाल बंद करा, मी स्वतः दुसरं पत्र लिहून चूप बसतो म्हणून कळवीन.

कळावे. पत्राचं उत्तर सोलापूरच्या डीआरएम म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या ऑफिसात पाठवलंत तरी चालेल, तिथून आम्ही नेऊ, फक्त सकाळी यायला गाडी द्या.

आपला,
होटगी स्टेशनचा एक पासधारक
ता. दक्षिण सोलापूर