समुपदेशनाच्या खोलीतल्या ताईंना

ताई,

नाव लिहीत नाही, तुमचंही आणि माझंही. कोपरखैरण्याचा, रबाळ्याच्या कंपनीतला, दातांची सबब सांगणारा, एवढ्यावरून ओळखाल.

एचआयव्हीच्या औषधाचा दिवस म्हणजे माझा एक खाडा. नऊला रांगेत. केसपेपर, वजन, मग तुम्ही, मग डॉक्टर, शेवटी खिडकी. हातात गोळ्या पडेपर्यंत दीड वाजायचा. सुपरवायझरला दातांचं सांगितलं होतं. काही महिन्यांनी म्हणतो, ‘‘एव्हाना बत्तीसही काढून झाले असतील की!’’

बसायचं काही नाही हो. दार उघडलं की मान खाली जायची, त्याचा त्रास. ओळखीचं कोणी नको म्हणून वाशी सोडून ठाणं धरलं, तर आमच्याच गल्लीतला एक जण समोरच्या बाकावर! त्यानेही तोच हिशेब केला असणार. आजवर दोघांनी ओळख दाखवलेली नाही. गणपतीत आरतीला मात्र शेजारी उभे असतो.

मग तुम्ही तो फॉर्म दिलात. ‘सेवेबद्दल समाधानी आहात का?’ मी न वाचताच ‘पूर्ण समाधानी’वर खूण केली. 2004 पासून सरकार एआरटी, म्हणजे ही एचआयव्हीची औषधं, मोफत देतंय; पंगतीत बसून मीठ कमी आहे म्हणायचं कुणी? तुम्ही कागद परत सरकवलात. ‘‘साडेचार तास बसलात आणि पूर्ण समाधानी? खरं लिहा. मला हे वर दाखवायचंय.’’

लिहिलं. औषध बंद करतील की काय, असं रात्रभर वाटत राहिलं.

पुढे व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती त्याचा, रिपोर्ट ‘टीएनडी’ आला: विषाणू सापडला नाही. डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजून माझा नेम तुम्हाला ठाऊक होताच. डॉक्टरांशी बोलून तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायला लावलीत. वर्षाचे बारा खाडे चारावर आले.

त्याहून मोठं म्हणजे, बायकोला समोर बसवून सांगितलंत, ‘‘तपासणीत विषाणू सापडत नाही. गोळ्या अशाच चालू राहिल्या तर संबंधातून तुम्हाला लागण होणार नाही.’’ तिने तेच तीनदा विचारलं, तुम्ही तीनदा सांगितलंत. बाहेरून दोनदा दार वाजलं. त्या दिवशी आमच्यापायी जे ताटकळले, त्यांची माफी इथेच मागतो.

गेल्या खेपेला अकराच्या आत मोकळा झालो. दुसरी पाळी मागून घेतली होती, वेळेवर पोचलो. सुपरवायझरने दातांचं विचारलंच.

म्हटलं, आता तीन महिन्यांनी.

तुमचा पेशंट